सोलापुरात जन्मला, विद्यापीठात घडला

संध्याकाळी पार्क मैदानाच्या आसपास बसणाऱ्या आमच्या मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. पॉली उमरीगर सोलापूरचा की मुंबईचा? वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही उमरीगरला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले नाही, माझ्यासकट. वडिलांच्या पिढीने रेडिओ ऐकला, आम्ही वडिलांचे ऐकले. पण वाद जोरात होतो. एक जण म्हणतो, इथे जन्मला म्हणजे इथलाच. दुसरा म्हणतो, जन्मला असेल, पण खेळायला शिकला मुंबईत, नाव काढले मुंबईने, आपण कशाला फुकटची पाटी लावून घ्यायची?

खरे सांगायचे तर नोंदीसुद्धा या वादात एका बाजूला पूर्ण झुकत नाहीत. पहलन रतनजी उमरीगर, जन्म २८ मार्च १९२६. जन्मगाव म्हणून बहुतेक ठिकाणी सोलापूर लिहिलेले सापडते, काही ठिकाणी मुंबई. त्याचे बालपण सोलापुरात गेले आणि शाळेच्या वयातच कुटुंब मुंबईला गेले, एवढे मात्र सगळे मान्य करतात. म्हणजे आमच्या वाट्याला आला तो चड्डीतला पहलन. पॉली झाला तो मुंबईत.

१९६२ मध्ये त्याने कसोटी क्रिकेट सोडले तेव्हा त्याच्या नावावर ५९ कसोट्या, ३,६३१ धावा आणि १२ शतके होती. या तिन्ही बाबतींत तोवरच्या भारतीयांत तो पहिला होता. शिवाय ३५ बळी. कसोटीत द्विशतक करणारा पहिला भारतीय तोच. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा त्याने केल्या. ही सगळी माहिती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळते. मला आज लिहायचे आहे ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल, १९४४ ते १९५३ या नऊ वर्षांबद्दल. कारण आकडे एकाखाली एक मांडले की आयुष्य सरळ रेषेत गेल्यासारखे दिसते. बँकेच्या पासबुकात शेवटची शिल्लक तेवढी पाहावी, तसे. मधल्या नोंदी पाहिल्या की कळते, खाते किती वेळा शून्यावर आले होते.

गिरणगावचा मुलगा

उमरीगर जन्मला तेव्हाचे सोलापूर म्हणजे भोंग्यांचे गाव. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे. घरात घड्याळ नसले तरी चालायचे. कापडाच्या धंद्याच्या ओढीने इथे तेलुगू पद्मशाली आले, कन्नड लिंगायत व्यापारी होतेच, गुजराती आले, मारवाडी आले, मूठभर पारशी आले. पॉलीच्या वडिलांचा धंदाही कापडाचाच. पहलन चार वर्षांचा असताना, १९३० च्या मे महिन्यात, या गावाने मार्शल लॉ पाहिला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. चौघांच्या जाती-धर्मांकडे पाहिले तरी सोलापूर कसे मिसळलेले होते ते दिसते. अशा गावात त्या मुलाचे पहिले खेळगडी कोण असतील, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

मग कुटुंब मुंबईला गेले. १८६० पासून आमच्या गावातून आगगाडी जाते आणि तेव्हापासून सोलापूरची पोरे तिच्यात बसून जात आली आहेत. त्यात नवीन काही नाही. पहलन त्यांतलाच एक.

मुंबईत पारशी मुलासाठी क्रिकेटचे दार घरातच होते. हिंदुस्थानात क्रिकेट पहिल्यांदा मनापासून खेळले ते पारशांनी. विलायतेचा दौरा करणारा पहिला हिंदी संघ १८८६ मध्ये गेला, तोही पारशांचा. १९४४ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, उमरीगर पंचरंगी सामन्यांत पारशी संघातून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळला. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असे ते पाच संघ. मैदान भरायचे, तल्यारखान रेडिओवर एकट्याने दिवसभर बोलायचे, आणि धर्माच्या नावाने संघ का असावेत म्हणून बाहेर वादही पेटलेला असायचा. गांधीजींनी १९४० मध्येच या सामन्यांविरुद्ध मत दिले होते. १९४५-४६ च्या हंगामानंतर ते बंद झाले.

म्हणजे पोरगा ज्या जिन्याने वर चढायला लागला, तो जिनाच दोन वर्षांत काढून घेतला गेला. काढला ते योग्यच झाले. पण पुढे काय?

विद्यापीठाचा जिना

पुढे विद्यापीठ होते. उमरीगर सेंट झेवियर्स कॉलेजात विज्ञान शाखेत शिकत होता. मुंबई विद्यापीठाच्या संघात आला, पुढे त्याचा कर्णधार झाला. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही, म्हणून थोडे सांगतो.

१९३५-३६ पासून आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तो दिला होता. त्या काळी विद्यापीठे मोजकी आणि पसारा मोठा. १९४८ मध्ये आमचे सोलापूरसुद्धा मुंबई विद्यापीठातच होते. इथले दयानंद कॉलेज १९४० चे, आणि पुणे विद्यापीठ व्हायचे होते. त्यामुळे या संघात निवडले जाणे म्हणजे अर्ध्या इलाख्याच्या पोरांतून निवडले जाणे. पंचरंगीत पारशी म्हणून खेळलेला मुलगा इथे नुसता विद्यार्थी म्हणून खेळत होता. शेजारी कोण उभा आहे, त्याचे आडनाव काय, याला इथे महत्त्व नव्हते. झेल पकडतो की सोडतो, एवढेच. देश स्वतंत्र होत असताना आणि फाटतही असताना या पोरांना ते मैदान मिळाले, याचे मोल मला फार वाटते.

आणखी एक सोय होती. परदेशी संघ दौऱ्यावर आला की त्याचा एक सामना संयुक्त विद्यापीठांच्या संघाशी ठेवला जायचा. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना थेट जगातल्या गोलंदाजांसमोर उभे करायचे. निवड समितीचे लोक पाहायला यायचे आणि वर्तमानपत्रांत धावफलक छापून यायचा.

१९४८ च्या हिवाळ्यात जॉन गोडार्डचा वेस्ट इंडिज संघ आला. स्वतंत्र भारतात कसोटी खेळायला आलेला हा पहिलाच संघ. ऑक्टोबरात तो संयुक्त विद्यापीठांशी खेळला आणि त्या सामन्यात बावीस वर्षांच्या उमरीगरने नाबाद ११५ धावा केल्या. दोन महिन्यांच्या आत, ९ डिसेंबरला, तो ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारताची टोपी घालून उतरला. एका डावाने माणूस कॉलेजच्या मैदानातून कसोटीत पोचला. गोष्ट इथे संपवली तर चांगली दिसेल. पण ती इथे संपत नाही.

एक डिसेंबर, दोन फलंदाज

त्या कसोटीत वेस्ट इंडिजने ६ बाद ६२९ धावांवर डाव घोषित केला. एव्हर्टन वीक्सच्या १९४ होत्या. पहिल्याच कसोटीत आमच्या पहलनने तास न् तास नुसते चेंडूमागे धावण्याचे काम केले. भारताला फॉलोऑन मिळाला, रुसी मोदी आणि हजारे यांनी शतके करून सामना वाचवला. उमरीगरच्या हातून लक्षात राहावे असे काही झाले नाही. त्या मालिकेत त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. पुढची अधिकृत कसोटी खेळायला तीन वर्षे लागली.

ती कसोटी संपून आठवडाही झाला नव्हता, तोच पुण्यात दुसरी गोष्ट घडत होती. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामना खेळत होते. त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, आपला संघच मैदानातून काढून घेतला आणि सामना सोडून दिला. निंबाळकर तिथेच थांबले. पुढे १९६० नंतरही ते खेळत राहिले, पण त्यांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. २०१२ मध्ये ते गेले, तेव्हाही बातमीत हेच दोन आकडे होते. ४४३ आणि शून्य.

एकाच डिसेंबरात एकाला नाबाद ११५ वर दार उघडले आणि दुसऱ्याला नाबाद ४४३ वरही उघडले नाही. यात उमरीगरचा दोष नाही. त्याची लायकी त्याने पुढे सिद्ध केली. पण गुणी माणूस वर येतोच, पाण्यावर तेल येते तसा, असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा मला भाऊसाहेब आठवतात आणि वाक्य घशात अडकते.

मद्रासचे दार

मधली तीन वर्षे भारताला अधिकृत कसोट्याच नव्हत्या. कॉमनवेल्थ संघ दोनदा येऊन गेले. त्यांच्याविरुद्ध उमरीगरने चांगल्या धावा केल्या. त्यामुळे १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा तो भारतीय संघात होता. पण त्या मालिकेत त्याचे काही जमले नाही. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कानपूर असे करत मालिका मद्रासला पोचली तोवर त्याचे नाव संघातून गळाले होते.

मग ऐन वेळी हेमू अधिकारी जखमी झाले आणि रिकाम्या जागेवर उमरीगर आत आला. ६ फेब्रुवारी १९५२ ला सामना सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले आणि दुसऱ्या दिवशी खेळ थांबवण्यात आला. विनू मंकडने इंग्लंडच्या पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले. इंग्लंड २६६. भारताकडून पंकज रॉयने १११ केल्या. सातव्या क्रमांकावर उमरीगर आला. जोडीला आमच्याकडचाच, कोल्हापूरचा दत्तू फडकर. उमरीगर शेवटपर्यंत बाद झाला नाही. नाबाद १३०. भारताने ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला, मंकडने पुन्हा ४ बळी घेतले आणि १० फेब्रुवारीला एक डाव आणि आठ धावांनी भारत जिंकला. १९३२ पासून वीस वर्षे आणि पंचवीस कसोट्या खेळून मिळालेला हा पहिला विजय.

इतिहासाच्या पुस्तकात या विजयात उमरीगरचे शतक असते. ते शतक करणारा माणूस सामन्याच्या आधी संघातच नव्हता, हे तळटीपेत जाते. मला ती तळटीप जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या दुखण्यामुळे मिळालेल्या जागेवर उभे राहणे सोपे नसते. सगळ्यांना माहीत असते की हा बदली आहे. तिथे तो काही तास टिकून राहिला.

४३ धावा

आता सगळे सुरळीत झाले असे वाटते ना? त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. तिथे फ्रेड ट्रूमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज पहिल्यांदाच कसोटी खेळत होता. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे शून्यावर चार गडी बाद झाले. तो धावफलक आजही पाहताना लाज वाटते. उमरीगरची अवस्था त्याहून वाईट. चार कसोट्या, सात डाव, एकूण धावा ४३. ट्रूमन धावत आला की तो लेगच्या बाजूला सरकतो, असे तिथल्या खेळाडूंनी आणि पत्रकारांनी चवीचवीने सांगितले. ते किस्से तो वारला त्या २००६ सालापर्यंत त्याच्या मागे लागले होते.

गंमत अशी की याच दौऱ्यात कसोट्या सोडून इतर सामन्यांत तो धो धो धावा करत होता. एकूण दौऱ्यात त्याच्या १,६८८ धावा झाल्या. म्हणजे खेळ विसरला नव्हता. मोठ्या परीक्षेत एका विशिष्ट प्रश्नापुढे हात थांबत होता. शाळेत असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो आणि त्याला नापास करणे सगळ्यांत सोपे असते.

निवड समितीने त्याला नापास केले नाही. १९५३ च्या सुरुवातीला संघ वेस्ट इंडिजला गेला, त्यात उमरीगर होता. पहिल्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्याने १३० आणि ६९ धावा केल्या. शेवटच्या कसोटीत किंग्स्टनला ११७. पाच कसोट्यांत ५६० धावा. इथून पुढे उमरीगर संघात आहे की नाही हा प्रश्न राहिला नाही. पुढे तो कर्णधार झाला, आणि १९५९ मध्ये इंग्लंडला पुन्हा जाऊन, ट्रूमन समोर असताना, मँचेस्टरला त्याने ११८ केल्या. जुनी बाकी भरली.

पण त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात मुंबईचे माधव आपटे सलामीला खेळत होते. पाच कसोट्यांत ४६० धावा, त्यात एक नाबाद १६३. त्या दौऱ्यानंतर आपट्यांना एकही कसोटी मिळाली नाही. एकाला ४३ धावांनंतर पुन्हा बोलावणे आले आणि दुसऱ्याला ४६० धावांनंतर आले नाही. दोघेही गुणी होते, यात शंका नाही.

दूरची एक गोष्ट

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्यात चेंडू हातात धरून पळायचे असते. त्यात ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा एक खेळाडू असतो. लांबून फेकलेला चेंडू, अंगावर माणसे येत असताना, धावता धावता झेलायचा हे त्याचे काम. जेरी राइस हा त्यातला सर्वश्रेष्ठ मानतात. मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यातला मुलगा. बाप गवंडी. उन्हाळ्यात बापाच्या कामावर वर फेकलेल्या विटा झेलून त्याचे हात तयार झाले. तोही मोठ्या नावाच्या विद्यापीठात गेला नाही, एका लहानशा कॉलेजात खेळला. पण तिथे कॉलेजचे सामने हाच वर जाण्याचा जिना आहे. लाखभर माणसे बसतील अशी मैदाने विद्यापीठांनी बांधली आहेत. व्यावसायिक संघ कॉलेजातूनच रांगेने मुले निवडतात. १९८५ मध्ये राइसची सोळाव्या क्रमांकावर निवड झाली आणि पहिल्याच हंगामात त्याच्या हातून चेंडू सुटू लागले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. संघाने त्याला ठेवून घेतले. पुढचे सगळे विक्रम नंतरचे.

राइस आणि उमरीगर यांच्यात दुसरे काही सारखे नसेल. पण दोघांच्याही सुरुवातीच्या काळात एक माणूस, कदाचित तीन-चार माणसे, अशी होती की ज्यांनी अपयश पाहूनही दार लोटून घेतले नाही.

डिसेंबरअखेर

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. सांगताना बरे वाटत नाही.

१९८६ साल. मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो. माझ्या हाताखाली एक तरुण क्लार्क होता, विद्यापीठाकडून खेळलेला. तेव्हा सोलापूरची कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. डावखुरा फिरकी गोलंदाज. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला निवड चाचणी होती. त्याने चार दिवसांची रजा मागितली. त्या काळी बँकांचे वर्ष डिसेंबरअखेर संपायचे. क्लोजिंग म्हणजे घरात लग्न असावे तशी धावपळ. संगणक नव्हते, लेजरे हाताने जुळवायची. मी अर्ज वाचला आणि त्यावर लिहिले, ‘क्लोजिंगमुळे रजा मंजूर करता येत नाही.’ खाली सही, तारीख. नियमाने माझे काहीच चुकले नव्हते.

त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि लेजर उघडून बसला. एकतीस तारखेच्या रात्री दोन वाजता एक फरक सापडेना. सगळे दमून गेले होते. शेवटी त्यानेच तो शोधला. मी त्याला शाबासकी दिली, चहा मागवला. चाचणीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

मध्यंतरी एका लग्नात तो भेटला. तोही आता निवृत्त. जेवणाच्या पंगतीत मी विषय काढला. म्हटले, तुझी रजा अडवली होती, ते मनात राहिलंय. तो हसला. म्हणाला, “निवड झाली असती म्हणून कुठं सांगता येतंय साहेब? नसतीच झाली बहुतेक.” मग वरणात भात कालवत थोडा वेळ गप्प बसला. “पण एकदा जाऊन यायला पाहिजे होतं बघा. आपण किती कमी पडतोय, एवढं तरी कळलं असतं.”

त्यानंतर उमरीगरबद्दल वाचताना मला मद्रासची ती रिकामी जागा दिसते. ती त्याला मिळाली नसती, तर कदाचित १९५२ नंतर पॉली उमरीगर हे नाव कुणाला माहीत नसते. ‘विद्यापीठाचा चांगला खेळाडू होता, कसोटीत चालला नाही’ अशी एक ओळ राहिली असती. आणि त्याला नापास करणाऱ्याचेही नियमाने काही चुकले नसते.

आता जिना कुठे आहे

आता आमच्या गावाला स्वतःचे विद्यापीठ आहे. ते २००४ मध्ये झाले. त्याला अहिल्यादेवींचे नाव आहे. पार्क स्टेडियमवर रणजी सामनेही झाले आहेत. पण क्रिकेटचा जिना आता विद्यापीठातून जात नाही. उमरीगरनंतर वाडेकर त्या जिन्याने आले, गावसकर आले. तेही झेवियर्सचेच. वाडेकर तर आमच्या धंद्यातले, स्टेट बँकेतले. आज मूल दहा-बारा वर्षांचे असतानाच अकादमीत घालावे लागते. मग चौदा, सोळा, एकोणीस वर्षांखालच्या गाळण्या. ज्याला वयाच्या विसाव्या वर्षी सूर सापडतो, किंवा ज्याच्या बापाला अकादमीची फी परवडत नाही, त्याने कुठल्या दाराने आत यायचे?

तरीही कुणीतरी येते. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे कॉलेजात असताना भाला आणि गोळा फेकायची. क्रिकेटकडे उशिरा वळली. पुढे थेट नागालँडकडून खेळली. २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटी सामन्यात तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला दार सापडले ते सोलापूर जिल्ह्यापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर. तिची जिद्द तर आहेच. पण एवढ्या लांब का जावे लागले, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

त्यामुळे पार्कवरच्या त्या वादात मी हल्ली भाग घेत नाही. उमरीगर सोलापूरचा की मुंबईचा, हे ठरवून आमच्या पदरात काय पडणार? सोलापूरने त्याला जन्म दिला, गाडीत बसवून दिले. मुंबईने, तिथल्या विद्यापीठाने, आणि दोनदा अपयश पाहूनही त्याचे नाव यादीत लिहिणाऱ्या माणसांनी त्याला घडवले. नाव सांगण्याचा हक्क त्यांचा जास्त आहे, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

आमच्याकडे आज जो पहलन आहे, त्याचे काय, एवढेच मला विचारायचे असते. तो कुठल्या तरी कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेल. परवा त्याच्या रजेचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर येईल. प्राचार्य असतील, एखादा दुकानमालक असेल, कदाचित त्याचे वडीलच असतील. परीक्षा जवळ आलेली असेल किंवा दिवाळीचा सीझन असेल, कारण योग्यच असेल. सही करण्याआधी त्यांनी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती. चार दिवसांत क्लोजिंग बुडत नाही. हे मला कळायला फार वर्षे लागली.